मळीचे मोल

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टीस नदी जेथे उत्तर समुद्रास मिळते तेथे साउथ गेअर नावाचा एक प्रदीर्घ बंधारा समुद्रात दूरवर शिरलेला आहे. १८६१ साली त्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि पुढील सुमारे पाव शतक ती चालू राहिली. या बंधाऱ्याचे विशेष असे की, त्याचे पोट डोंगरातून फोडून आणलेल्या दगडाने भरलेले नसून मिडल्सब्रोच्या लोखंडाच्या भट्ट्यांतून निघालेल्या लक्षावधी टन धातुमळीने भरलेले आहे. १८५० मध्ये क्लीव्हलंडच्या टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा थर सापडला आणि दहा वर्षांच्या आत त्या मुलखात भट्ट्यांची रांग उभी राहिली. परंतु ते खनिज निकस, त्यात लोहाचा अंश जेमतेम तीस टक्के, त्यामुळे लोखंडाच्या प्रत्येक टनामागे त्याच्या तोडीस तोड मळी बाहेर पडे आणि ती टाकण्यास कारखानदारांपाशी जागा उरेना. अशा अडचणीच्या वेळी नदीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या मंडळास बंधाऱ्यासाठी भराव हवा होता. व्यवहार ठरला, पण तो आपण सामान्यतः समजतो तसा नव्हे. मंडळाने मळी विकत घेतली नाही, तर मळी उचलून नेल्याबद्दल कारखानदारांनी मंडळास पैसे दिले.

माल देणाऱ्यानेच दाम मोजावा, हा व्यवहार सकृद्दर्शनी विपरीत वाटतो. परंतु टाकाऊ द्रव्यांचे अर्थशास्त्र ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने आरंभ येथूनच केला पाहिजे. गहू महाग झाला की शेतकरी अधिक गहू पेरतो. मळी महाग झाली म्हणून मात्र कोणी पोलादाचा कारखानदार अधिक लोखंड गाळत नाही, आणि ती कवडीमोल झाली म्हणून भट्टी विझवीतही नाही. कापसाच्या बोंडातून रुईबरोबर सरकी निघावी, तशी ती लोखंडाच्या मागोमाग येते; तिचा पुरवठा तिच्या स्वतःच्या बाजारावर नव्हे, तर पोलादाच्या मागणीवर अवलंबून असतो. अशा वस्तूच्या किंमतीस दोनच मर्यादा असतात. वरची मर्यादा म्हणजे जी वस्तू ती बाजूस सारते, मग ती खडी असो, वाळू असो की सिमेंटचे क्लिंकर असो, त्या वस्तूचा भाव, उणे वाहतूक आणि दळणकांडण. आणि खालची मर्यादा म्हणजे ती फेकून देण्यास येणारा खर्च, जो शून्याच्याही खाली असतो. या दोन टोकांमध्ये तिचे मोल झोके घेत राहते. ते कोठे स्थिरावेल हे ठरविणाऱ्या गोष्टी मात्र मळीच्या अंगी फारशा नसतात. त्या बहुतेक बाहेरच्या असतात, आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्याच आहेत.

प्रथम द्रव्याची ओळख करून घेऊ. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून ओततात व खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोकमुळे खनिजातील प्राणवायू हिरावला जाऊन लोखंड वितळते, आणि चुनखडीपासून झालेला चुना खनिजातील व कोकच्या राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून एक वितळलेला काचसदृश रस तयार होतो. तो लोखंडापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि निराळा काढून घेता येतो. त्याचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस असते. जपान आणि युरोपातील उत्तम भट्ट्यांत दर टन लोखंडामागे ही मळी तीनशे किलोच्या आसपास निघते. आपल्या खनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण अधिक असल्यामुळे भारतीय भट्ट्यांत ती त्याहून बरीच अधिक पडते. पुढे त्या लोखंडाचे पोलाद करताना पुन्हा चुना घालावा लागतो आणि दुसऱ्या जातीची मळी निघते, तिचे प्रमाण पोलादाच्या टनामागे दोनशे किलोच्या घरात जाते. एकीस झोतभट्टीची मळी आणि दुसरीस पोलादमळी म्हणू. कारखान्यातील माणूस दोहोंस ‘स्लॅग’च म्हणतो, परंतु बाजारात या दोघींचे दैव अगदी निराळे निघाले.

झोतभट्टीच्या मळीचे दैव १८६२ साली उघडले. एमिल लांगेन नावाच्या जर्मन तंत्रज्ञास असे आढळले की, हा तप्त रस सावकाश निवू दिला तर त्याचा निरुपद्रवी दगड होतो, परंतु तोच पाण्याच्या प्रवाहात एकाएकी थंड केला तर त्याचे वाळूसारखे काचेरी कण होतात आणि ते दळून चुन्यात मिसळले की पाण्याखालीसुद्धा घट्ट बसतात. कारण असे की, सावकाश निवताना रेणूंना स्फटिकांत शिस्तीने मांडून घेण्यास अवसर मिळतो व मग ते निष्क्रिय होतात. एकाएकी गोठविले असता ती मांडणी अपुरी राहते, आणि चुन्याचा स्पर्श होताच दडलेली बंधनशक्ती जागी होते. म्हणजे एकाच रसापासून, केवळ निवविण्याच्या रीतीप्रमाणे, खडीच्या भावाचा दगड किंवा सिमेंटच्या तोडीचे द्रव्य होते. आणि हा निर्णय रस भट्टीबाहेर येताच, काही क्षणांत घ्यावा लागतो. एकदा दगड झालेली मळी पुन्हा काचेरी करावयाची तर ती पुन्हा वितळवावी लागेल, जे कोणासही परवडणार नाही. जुन्या कारखान्यांभोवती मळीचे डोंगर उभे राहिले ते रसायनाच्या अज्ञानामुळे नव्हे. पाण्याचे पंप, हौद, चाळण्या आणि निचरा यांवर भांडवल घालण्याइतका भाव सिमेंटवाले देत नव्हते, म्हणून ते उभे राहिले.

तो भाव कोठून येतो ते पाहण्याजोगे आहे. साध्या सिमेंटसाठी चुनखडी आणि माती १४५० अंशांपर्यंत भाजून क्लिंकर करावे लागते. एक टन क्लिंकरला दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते, कोळसा जळतो तो वेगळाच, आणि चुनखडीतून निघालेला व कोळशाचा मिळून सुमारे आठशे ते नऊशे किलो कर्बवायू आकाशात जातो. मळीच्या बाबतीत हे भाजण्याचे काम लोखंडाच्या भट्टीने आधीच करून ठेवलेले असते; त्याचा खर्च पोलादाच्या खात्यावर पडलेला असतो. सिमेंटवाल्यास ती फक्त सुकवावी व दळावी लागते. हेही फुकट होत नाही, कारण पाण्यातून निघालेल्या कणांत दहा टक्क्यांच्या आसपास ओल असते आणि काचेचे कण क्लिंकरपेक्षा दळावयास कठीण असतात, तरी एकंदर जमाखर्चात बाकी भरघोस उरते. आपल्याकडे पोर्टलंड स्लॅग सिमेंटचे भारतीय मानक, आय. एस. ४५५, प्रथम १९५३ मध्ये निघाले. आज त्यानुसार सिमेंटमध्ये पंचवीसपासून सत्तर टक्क्यांपर्यंत मळी चालते.

ही बाकी कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र रसायनाचा नसून सौद्याचा आहे. मळी जड, स्वस्त आणि एकाच ठिकाणी सतत निघणारी वस्तू. विकणारा एक, आणि परवडेल इतक्या अंतरावरचा घेणाराही बहुधा एकच. विकणाऱ्यास ती रोजच्या रोज हलविणे प्राप्त असते, कारण साठा चढला तर भट्टीचा राबता अडतो. घेणाऱ्याने तिच्या भरवशावर गिरण्या उभारलेल्या असतात. दोघेही एकमेकांच्या मुठीत. म्हणूनच या धंद्यात रोजच्या बाजारभावापेक्षा दीर्घ मुदतीचे करार, भागीदारी किंवा एकाच घराण्यातील दोन कारखाने अशा व्यवस्था आढळतात. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मळीवर भागीदारीत जो सिमेंट उद्योग निघाला त्याने क्लिंकर मध्य प्रदेशात सतना येथे चुनखडीजवळ भाजले आणि दळण मात्र भिलाईस ठेवले, म्हणजे क्लिंकर मळीकडे आले, मळी क्लिंकरकडे गेली नाही. जमशेदपूरच्या पोलाद कंपनीने १९९९ मध्ये आपला सिमेंट विभाग फ्रान्सच्या लाफार्ज कंपनीस विकला, तेव्हा खरेदीदाराच्या दृष्टीने गिरण्यांइतकेच मोल शेजारच्या झोतभट्ट्यांना होते असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील डोलवी येथे पोलादाचा कारखाना आणि मळीचे सिमेंट दळणारा कारखाना एकाच उद्योगसमूहाचे आहेत, तेही याच न्यायाने.

येथे घेणाऱ्या ठेकेदाराची बाजूही मांडली पाहिजे, कारण मळीच्या सिमेंटविषयी त्याचा पूर्वग्रह नुसताच अडाणीपणाचा नाही. हे सिमेंट अखेरीस भक्कम होते, खाऱ्या हवेत व खाऱ्या पाण्यात साध्या सिमेंटहून चांगले टिकते, मोठ्या पायात ओतले असता कमी तापते. परंतु आरंभीचे दिवस ते हळू घट्ट होते. याचा अर्थ सेंट्रिंगच्या फळ्या अधिक दिवस अडकून पडतात, पुढच्या मजल्याचे काम खोळंबते, मजुरांचा मुक्काम वाढतो, आणि पाणी मारण्यात हयगय झाली तर नुकसान अधिक होते. पोत्यामागे वाचलेले रुपये फळ्यांच्या भाड्यात गेले तर ठेकेदाराने ते का घ्यावे? समुद्रकाठी पूल किंवा धक्का बांधणाऱ्या सरकारी खात्यास पन्नास वर्षांच्या आयुष्याचा हिशेब करावयाचा असतो, म्हणून हे सिमेंट त्यास परवडते. चार महिन्यांत इमारत हवाली करून पैसे वसूल करणाऱ्यास नाही. एकाच मालाची दोन गिऱ्हाईकांच्या हिशेबी दोन मोले होतात ती अशी.

आता पोलादमळीकडे वळू. हिची कथा अधिक करुण आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. एके काळी हिला मान होता. १८७८-७९ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट टॉमस याने भट्टीस चुनकळीच्या जातीचे अस्तर लावून लोखंडातील फॉस्फरस मळीत ओढून घेण्याची युक्ती काढली. त्यामुळे लॉरेन आणि लक्झेंबर्ग येथील फॉस्फरसयुक्त, म्हणून टाकाऊ ठरलेल्या खनिजांस किंमत आली, आणि ती फॉस्फरसने समृद्ध झालेली मळी दळून जर्मनीतील शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाऊ लागली. पुढे १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे शुद्ध प्राणवायूने पोलाद करण्याची रीत व्यापारी प्रमाणावर सुरू झाली. भारतात रूरकेल्याने ती प्रथम स्वीकारली. ही रीत जगभर पसरली, कमी फॉस्फरसचे खनिज वापरात आले, आणि मळीतील खताचा अंश इतका उतरला की शेतकऱ्यास ती नकोशी झाली. गंमत अशी की, जेवढा फॉस्फरस उरला तेवढा खतास अपुरा पण भट्टीस जाचक आहे: ही मळी चुन्याच्या ऐवजी पुन्हा झोतभट्टीत घालावी तर तो फेऱ्यामागून फेऱ्यांत साचत जातो आणि लोखंड बिघडवितो. घरच्या घरी जिरविण्याचा मार्ग त्यामुळे लवकरच तुंबतो.

राहिला रस्ता. कुटलेली पोलादमळी टणक असते, तिचे दाणे टोकदार असून एकमेकांत घट्ट बसतात. तिच्यात अडकलेले पोलादाचे तुकडे चुंबकाने काढून घेतले की कारखान्यास त्यातच थोडीफार मिळकत होते. किंबहुना कित्येक ठिकाणी मळी कुटण्याचा सारा खर्च या तुकड्यांनी भागतो आणि उरलेली खडी ही केवळ निपटारा ठरते. परंतु तिच्या पोटात न विरघळलेली चुनकळी आणि मॅग्नेशिया शिल्लक असतात. पावसाचे पाणी मुरले की ती फुगतात, आणि वरचा रस्ता किंवा फरशी उचलली जाऊन तडकते. यावर उपाय आहे: मळी कुटून उघड्यावर कित्येक महिने भिजत ठेवावी किंवा वाफेने थोडक्या काळात मुरवावी. पहिल्यास जागा लागते, दुसऱ्यास इंधन. जागा व इंधन यांचे पैसे पडतात, आणि ज्या खडीशी स्पर्धा करावयाची तिला असे काहीच करावे लागत नाही. याच दोषामुळे २०१६ च्या भारतीय मानकाने सळईच्या काँक्रीटमध्ये पोलादमळीची खडी मुळीच मान्य केलेली नाही. साध्या काँक्रीटमध्ये ती काही प्रमाणात चालते. माझ्या मते हा निर्बंध रास्त आहे.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या दोन प्रयोगांकडे पाहावे. सुरतजवळ हजिरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक किलोमीटर लांबीचा सहापदरी रस्ता प्रक्रिया केलेल्या सुमारे एक लाख टन पोलादमळीचा बांधण्यात आला व २०२२ मध्ये खुला झाला. त्याची जाडी नेहमीच्या रस्त्याहून सुमारे तीस टक्क्यांनी कमी ठेवता आली. त्याच संस्थेच्या तंत्राने डोलवीच्या कारखान्यातील सुमारे ऐंशी हजार टन मळीचा मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या इंदापूर-पनवेल विभागात एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा झाला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन झाले. त्या महामार्गाच्या रखडलेल्या कामाने कोकणी माणसाच्या सहनशीलतेचा किती वर्षे अंत पाहिला हे सर्वश्रुत असल्यामुळे, निदान एक किलोमीटर तरी कौतुकास पात्र ठरला याचे समाधान वाटते.

परंतु हिशेब उत्सवाच्या पलीकडे पाहतो. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बेसॉल्टच्या थरांनी झाकलेला आहे. पनवेलपासून पेणपर्यंत खडीच्या खाणी जागोजागी आहेत, आणि खडी ब्रासच्या मापाने, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबाने, सहज मिळते. पोलादमळी बेसॉल्टपेक्षा सुमारे पंधरा टक्के जड. रस्त्याचे माप घनमीटरांत होते, ट्रकचे भाडे मात्र टनांवर आकारले जाते. म्हणजे तोच खड्डा भरण्यास खडीच्या शंभर टनांच्या जागी मळीचे एकशे पंधरा टन वाहावे लागतात. कमी जाडीच्या रस्त्याने हा तोटा भरून निघतो व वर काही उरते, हे खरे. पण ज्या निविदेत जाडी आधीच ठरलेली आहे आणि देयक घनमीटरावर मिळते, त्या निविदेत कमी जाडीचा लाभ घेण्यास ठेकेदारास मुभाच नसते. डोलवीची मळी वडखळजवळच्या महामार्गास परवडली, कारण ती शेजारची होती. तीच साताऱ्याला नेऊ म्हटले तर वाटेतील प्रत्येक टेकडी तिच्याशी स्पर्धा करील. याउलट गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या सपाट प्रदेशात, जेथे दगड दुरून आणावा लागतो आणि कित्येक ठिकाणी विटांचे तुकडे खडी म्हणून वापरले जातात, तेथे हीच मळी कितीतरी अधिक अंतर तोडून जाईल.

मग खाणीची खडी इतकी स्वस्त का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. खाणवाला सरकारास स्वामित्वधन भरतो, निदान दप्तरी नोंद असलेल्या ब्रासचे तरी भरतो. परंतु उघडी पडलेली टेकडी, आटलेले झरे, गावावर बसणारी धूळ यांचा आकार कोणत्याही पावतीवर येत नाही. तसेच मळीच्या ढिगाखाली अडकलेली जमीन आणि ढिगातून झिरपणारे चुनखट पाणी यांचाही खर्च कारखान्याच्या कीर्दीत पूर्णपणे चढत नाही. दोन्ही बाजूंचा खरा खर्च दडलेला असल्यामुळे या दोन मालांची बाजारात होणारी तुलना ही दोन असत्यांची तुलना असते. ढीग घालण्याचा आकार चढविला की मळीची खालची मर्यादा आणखी खाली जाते आणि कारखानदार ती पदरचे वाहतूकभाडे देऊनही दूर पाठवू लागतो.

मात्र पदरचे पैसे देऊन माल पाठविण्यात एक धोका आहे, आणि तो जपानने अनुभवला. त्या देशात मळीचा जवळजवळ संपूर्ण वापर होतो व त्याचे कौतुक सर्वत्र केले जाते, ते योग्यच आहे. परंतु तेथील गुन्मा प्रांतात एका विशेष पोलादाच्या कारखान्याची मळी रस्तेबांधणीसाठी ‘विकली’ जात असताना, विक्रीच्या दामापेक्षा मोठी रक्कम वेगळ्या नावाखाली घेणाऱ्याच्या हाती परत जात होती, आणि त्या मळीत फ्लोरीन व षट्संयुजी क्रोमियम मर्यादेबाहेर होते, असे काही वर्षांपूर्वी उघडकीस आले; अखेर तेथील प्रांतिक शासनाने ती माल नसून कचरा असल्याचे ठरविले. व्यवहाराचे खत विक्रीचे, पण पैशाचा ओघ उलटा, अशी स्थिती दिसली की तपासनीसाने थांबून मालाची परीक्षा केली पाहिजे. साउथ गेअरचा उलटा व्यवहार उघड होता, म्हणून निर्दोष होता.

हा सावधपणा आपल्याकडे जालन्यासारख्या ठिकाणी विशेष हवा. तेथील सळईचे कारखाने भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवितात. भट्टीचे अस्तर सिलिकेचे असल्यामुळे तेथील मळीत सिलिका अधिक व मोकळा चुना अल्प, म्हणजे फुगण्याचे भय कमी. त्या अर्थी ती मुंबई-गोवा महामार्गावरील मळीपेक्षा सोशीक आहे. परंतु भंगार रोज बदलते आणि मळीही त्याबरोबर बदलते; प्रत्येक भट्टीचा ढीग लहान, मालक वेगवेगळे, आणि परीक्षेचा खर्च कोणी एकट्याने सोसावा असा नाही. मोठ्या कारखान्यास प्रयोगशाळा परवडते, लहानास परवडत नाही. म्हणून त्याचा चांगला मालही भरावाच्या भावाने जातो. औद्योगिक वसाहतीने सामायिक चाचणीची सोय केली आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या दरसूचीत चाचणी झालेल्या मळीस स्वतंत्र कलम व भारमानानुसार दर दिला, तर अनुदानाच्या एका पैशावाचून हा माल उठू लागेल असे मला वाटते.

पुढील काळाविषयी एकच गोष्ट नमूद करावयाची आहे. युरोपात कर्बवायू कमी करण्यासाठी झोतभट्ट्या बंद करून विजेच्या भट्ट्या उभारण्याकडे कल आहे; वेल्समधील पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझविण्यात आली. विजेच्या भट्टीची मळी सिमेंटच्या कामाची नव्हे; तेव्हा ज्या मळीने तेथील सिमेंटवाल्यांचे क्लिंकर वाचविले तिचाच तेथे तुटवडा पडत चालला आहे आणि ती परदेशांतून आणावी लागते. भारतात मात्र नव्या झोतभट्ट्या अजून उभ्या राहत आहेत, आणि एकदा पेटविलेली भट्टी, मधूनमधून अस्तर बदलून, कित्येक दशके चालते. म्हणून पुढील एक-दोन पिढ्या तरी आपल्याकडे झोतभट्टीच्या मळीस गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. सार्वजनिक पैसा आणि संशोधकांचे श्रम तिच्यावर न घालता पोलादमळीवर घालावेत, कारण न खपणारा ढीग तिचाच आहे.